सवतीची पुस्तकं

तिला दुकानात सगळे टाचणी म्हणायचे. कामाच्या वेळी तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या हे एक कारण, आणि त्या काढून तिनं तोंड उघडलं की समोरच्याला त्याहून जास्त टोचायचं हे दुसरं. एका मोठ्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर तिचं टेबल होतं. खाली तयार कपडे विकले जायचे आणि जे अंगाला बसायचे नाहीत ते जिन्यानं वर तिच्याकडे यायचे. लोक घरातले जुनेही आणायचे. कमरेत सैल झालेल्या पँटी, बाह्या आखूड पडलेले कोट, थोरलीचे धाकटीला करायचे फ्रॉक. उसवायचं, खडूनं खूण करायची, टाचायचं, पुन्हा शिवायचं. वीस वर्षं हेच.

या वीस वर्षांत तिला एक विद्या साधली होती आणि तिचा तिला भारी गर्व होता. कपडा हातात आला की तो घालणारा माणूस कसा आहे हे ती सांगायची. उजवा खिसा लोंबतोय म्हणजे किल्ल्यांचा जुडगा बाळगतो. डाव्या कोपरावर कापड विरलंय म्हणजे टेबलाला रेलून बसतो, काम कमी आणि बसणं जास्त. शेवटच्या बटणाचं भोक फाटलंय म्हणजे जेवण कमी करायला डॉक्टरनं सांगितलंय आणि यानं ऐकलेलं नाही. शेजारी इस्त्रीवाली असायची, ती गालातल्या गालात हसायची, आणि गिऱ्हाईक जिना चढून वर आलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या. दहातल्या नऊ वेळा टाचणीचं बरोबर निघायचं. माणूस खोटं बोलेल, कापड चुगली केल्याशिवाय राहत नाही, असं ती म्हणायची.

तिचं लग्नही कापडानंच जमवलं. ती अडतीस वर्षांची असताना लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस कामाचा कोट घेऊन आला. कोटाला वंगणाचे डाग होते, अस्तर सुटलेलं होतं, पण बटणं अशी पक्की लावलेली होती की कोट फाटेल आणि बटणं राहतील. दोरा मात्र दोन बटणांना काळा आणि तिसऱ्याला हिरवा. तिनं कोट उलटासुलटा केला आणि टाचण्या न काढताच म्हणाली, "बायको नाही वाटतं." तो म्हणाला, "होती." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अस्तर तिनं फुकट लावून दिलं. चार महिन्यांनी त्याच कोटात तो तिला मागणी घालायला आला, आणि लोकांनी आपापसांत काय ते बोलून घेतल्यावर दोघांचं लग्न झालं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पहिल्याच दिवशी तो म्हणाला की घर तुझंच आहे, हवं ते हलव. टाचणीला एवढं पुरे होतं. तिनं पलंगाची दिशा फिरवली, पडदे उतरवून नवे शिवले, स्वयंपाकघरातले डबे पार उलटेपालटे केले. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून काचेची दारं असलेलं एक लाकडी कपाट होतं आणि त्यात पुस्तकं. त्रेचाळीस. तिनं मोजली. शिलाईयंत्र ठेवायला तीच जागा उजेडाची, म्हणून तिनं कपाटाला हात घातला, तेव्हा तो दारातून म्हणाला, "ते राहू दे."

आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. नुसतं राहू दे. टाचणीनं हात मागे घेतला आणि ते दोन शब्द पोटात घालून बसली. ते तिला कधी पचले नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं की दर रविवारी सकाळी तो एक जुनं फडकं ओलं करतो आणि त्या कपाटाच्या काचा पुसतो. घरात दुसऱ्या कशाला तो फडकं लावायचा नाही. चहाचा कपसुद्धा जिथे प्यायचा तिथेच ठेवून उठणारा माणूस. पण काचा मात्र वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. पुसून झाल्यावर क्षणभर तिथेच उभा राहायचा. टाचणी स्वयंपाकघरातून बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जिवंत सवत असती तर टाचणी तिला पुरून उरली असती. तिच्या हातचं दूध उतू गेलं असतं, तिच्या केसांत पांढरी बट आली असती, तिनंही कधी दार आपटलं असतं. पण ही पडली मेलेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय उगाच नाही. लग्नानंतर सहाव्या वर्षी आजारी पडून ती गेली, एवढंच टाचणीला माहीत होतं. नवरा तिच्याबद्दल वाईट बोलत नव्हता, चांगलंही बोलत नव्हता. काहीच बोलत नव्हता, आणि टाचणीला तेच जास्त लागायचं. जे बोललं जातं त्याला उत्तर देता येतं.

तीन वर्षं तिनं ते कपाट उघडलं नाही. चौथ्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी तो कामावर गेल्यावर उघडलं. मनात एकच होतं, ही बया होती तरी कोण ते बघू. आणि बघायची रीत तिला एकच ठाऊक होती. तिनं पुस्तकं कपड्यांसारखी एकेक करून उजेडात धरली.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईच्या पेनानं पहिल्या बायकोचं नाव होतं, गोल गोल, खाली एक फराटा मारलेला. आत पेन्सिलीच्या खुणा. ओळीच्या ओळी अधोरेखित केलेल्या, आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत बारीक, तिरक्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. "खोटं." "पुन्हा वाच." "इथे रडले." काही पुस्तकांची पाठ मोडलेली, म्हणजे ती वाचता वाचता उघडीच पालथी ठेवलेली. काहींच्या पानांना खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटाचा काळपटपणा. एकात वाळलेलं पान, एकात चहाच्या कपाचं वर्तुळ. नावाचं अक्षर गोल आणि टिपणांचं तिरकं कसं, असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिनंच उत्तर दिलं: नाव लोकांना दाखवायला, टिपणं स्वतःसाठी. पाहुण्यांसमोरची साडी वेगळी आणि घरातली वेगळी, तसंच हे.

झालं. पाच मिनिटांत तिनं सवत उभी केली. वाचणारी, विचार करणारी, एकटीच रडणारी आणि कुणाला न सांगणारी. बारीक, उंच, हळू बोलणारी. आपल्यासारखी ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर मोजणारी नव्हे. नवरा काचा का पुसतो ते तिला कळलं असं तिला वाटलं, आणि ती जमिनीवर बसून रडली. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि ठरवलं की ही त्रेचाळीस आपण वाचायची. तिच्यापेक्षा बारकाईनं वाचायची. मग बघू कोण कुणाच्या वरचढ ते.

शाळा सुटल्यापासून तिनं मापाचे आकडे आणि पावत्यांवरची नावं सोडून फारसं काही वाचलेलं नव्हतं. पहिलं पुस्तक तिनं सगळ्यांत पातळ निवडलं, तरी त्याला सव्वा महिना लागला. दुपारच्या सुट्टीत पोटमाळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून ती वाचायची. ओळीवर मोजपट्टी ठेवायची म्हणजे डोळा खाली घसरत नसे. एका बाईनं एकटीनं डोंगर ओलांडल्याची ती हकिगत होती. त्यात एका ठिकाणी ती बाई म्हणत होती, पाय दुखले तर दुखू देत, पण कुणाला विचारून निघायचं नाही. या ओळीखाली पेन्सिल दोनदा फिरली होती आणि कडेला लिहिलं होतं, "हे मला जमेल?"

टाचणीनं खडूच्या डबीतली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, "तुला नाही जमलं."

लिहून तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून ती एकटीच फिरायला निघाली. कुठे निघालीस म्हणून त्यानं विचारलं तर म्हणाली, चालायला. किती वेळ, तर म्हणाली, बघू. तिला नुसतं सवतीला दाखवायचं होतं. पण चार दिवस गेली, आठ दिवस गेली, आणि मग सकाळी चालल्याशिवाय तिला चैन पडेना.

असं एकेक पुस्तक. "इथे रडले" असं लिहिलेलं असायचं तिथे टाचणी दात आवळून वाचायची आणि खाली लिहायची, "मी नाही." यातलं एक सोडून बाकी सगळं खोटं होतं. "खोटं" असं लिहिलेलं असेल तिथे ती मुद्दाम दोनदा वाचायची आणि "खरंच आहे" असं ठोकून द्यायची. मग पुढे पुढे खरंच विचार करायला लागली की हे खोटं का म्हणाली असेल, आणि कधी कधी नाइलाजानं लिहायची, "बरोबर." तो दिवस तिचा वाईट जायचा. झाडांवरचं एक पुस्तक होतं, त्यानंतर ती फिरायला जाताना झाडांची सालं बघायला लागली. एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणी होत्या, त्या वाचल्यावर तिनं केस काळे करणं सोडलं.

एका जाडजूड कादंबरीत एक मोलकरीण होती. मालकीण संध्याकाळी नवं काम काढते तेव्हा ती म्हणते, उद्या करीन, आजचं माझं संपलं. टाचणीच्या दुकानाच्या मालकाला तर दुकान बंद होता होता तीन पँटी घेऊन वर यायची जुनी खोड होती, आणि वीस वर्षं ती तोंडातल्या तोंडात त्याचा उद्धार करत त्या पँटी शिवत आली होती. त्या संध्याकाळी तो वर आला, आणि ती खुर्चीवरून न उठता, हळू आवाजात म्हणाली, "उद्या करीन. आजचं माझं संपलं." मालक पँटी घेऊन दोन पायऱ्या खाली गेला, पुन्हा वर आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गेला. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? टाचणी म्हणाली, सवतीनं. ते दुसऱ्या दिवशी दुकानभर झालं. मग काही नवीन बोलली की लोक विचारायचे, काय टाचणे, सवत काय म्हणते?

तीही हसायची. पण आत जळतच होती. कारण आता तिला सवत नुसती हुशार वाटत नव्हती, आवडायलाही लागली होती, आणि जिचा हेवा करायचा ती आवडायला लागणं यासारखी पंचाईत नाही.

तिसाव्या की एकतिसाव्या पुस्तकात तिला ते वाक्य सापडलं. गोष्ट अशी की एक बाई रेल्वे स्टेशनवर एका माणसाची वाट बघते. तो येत नाही. शेवटची गाडीही निघून जाते. पण ती घरीही जात नाही, बाकावर बसून राहते, आणि पुढची आठ पानं नुसतं तिचं बसणं आहे. त्या पानांच्या कडेला लिहिलं होतं, "त्याला हे कधीच कळणार नाही."

टाचणीनं पुस्तक मिटलं. त्याला म्हणजे कुणाला, हे काय सांगायला हवं होतं? तिच्या नवऱ्याला. तिच्या, टाचणीच्या, नवऱ्याबद्दल ही बाई परस्पर मत देऊन गेली होती. तिला राग आला, आणि रागाच्या खालोखाल असा आनंद झाला की तिलाच लाज वाटली. म्हणजे सगळं काही गोडीगुलाबीचं नव्हतं तर. म्हणजे त्या बाईला तो अडाणी वाटत होता. बरं, बघू कळतं की नाही.

त्या रविवारी दुपारी तिनं त्याला समोर बसवलं आणि ती आठ पानं मोठ्यानं वाचून दाखवली. तो आधी अवघडला, पायाची बोटं मोडत राहिला. मग बोटं मोडणं थांबलं. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं की शेवटची गाडी गेल्यावरही ती उठली नाही ना. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती. मग म्हणाला की दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकते तेव्हा आतली माणसं अशीच असतात. आधी दार बडवतात, ओरडतात, आणि मग एक वेळ अशी येते की खाली बसतात. मी वरून दार उघडलं तरी चटकन उठत नाहीत.

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि उभ्या उभ्या त्या वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, "त्याला कळलं. मी वाचून दाखवलं म्हणून." इतकं दाबून लिहिलं की पलीकडच्या पानावर उमटलं. मग दर रविवारी दुपारी वाचन सुरू झालं. काचा पुसणं मात्र थांबलं नाही. सकाळी काचा, दुपारी पुस्तक. ती मनात म्हणायची, एकोणचाळीस झाली, आता चारच राहिली. ती झाली की याला त्या काचेत मी दिसेन.

अशातच एका रविवारी पहिलीची थोरली बहीण घरी आली. गावात डोळे दाखवायला आली होती, जाता जाता जेवायला थांबली. ती अधूनमधून यायची, टाचणीशी नीट वागायची, आणि टाचणीही तिच्यापुढे जिभेवर जरा लगाम ठेवायची. जेवण होतंय तोच नवऱ्याला बोलावणं आलं, कुठल्याशा इमारतीत माणसं अडकली होती. तो कोट चढवून गेला आणि दोघी चहा घेऊन कपाटासमोर बसल्या. टाचणीला राहवेना. इतके दिवस मनात घोळवलेलं ती बोललीच.

"तुमच्या बहिणीनं वाचलेली सगळी पुस्तकं मी वाचली. चार राहिलीत फक्त."

थोरलीनं कप खाली ठेवला. "कुणी वाचलेली?"

"तुमच्या बहिणीनं. ही."

थोरली आधी तिच्याकडे, मग कपाटाकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. चष्मा काढावा लागला इतकी हसली. म्हणाली, अगं बाई, आमच्या धाकटीला वाचनाचं वावडं होतं. शाळेत धडा वाचायला उभी केली की तिला खोकला यायचा. वर्तमानपत्र हातात घ्यायची ते तोंडावर पसरून झोपायला. ही पुस्तकं सातव्या मजल्यावरच्या बाईंची. कॉलेजात शिकवायच्या, एकट्याच राहायच्या, तुझा नवरा त्यांच्या इमारतीची लिफ्ट बघायचा. त्या गाव सोडून निघाल्या त्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद, तर यानं त्यांचं सगळं सामान पाठीवर घालून जिन्यानं उतरवलं. त्यांनी पुस्तकांची ही दोन खोकी याला देऊन टाकली. आणि घरात हे कपाट रिकामंच होतं, लग्नातलं. धाकटी म्हणाली, बरं झालं, कपाट भरलेलं दिसेल. शेजारणी मागून नेतील आणि परत देणार नाहीत, म्हणून सगळ्यांवर आपलं नाव घालून ठेवलं.

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," थोरली म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहायला लागलं. "उघडलं नसेल गं तिनं एकसुद्धा."

थोरली गेल्यावर टाचणी तिथेच बसून राहिली. तिला सगळ्यांत आधी लाज वाटली ती धंद्याची. जुना कोट घेऊन कुणीही वर आलं तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: हा तुमचाच, की कुणाचा घेतलेला? कारण उतरवलेल्या कपड्यावर आधीच्या माणसाचे कोपर असतात, त्याचे खिसे, त्याचं पोट. पोराटोरांना कळतं ते. आणि तिनं त्रेचाळीस पुस्तकं उजेडात धरून पाहिली, नावाचं अक्षर वेगळं दिसलं, आणि तरी हा एक प्रश्न विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण दिव्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, तिला सवतच बघायची होती म्हणून सवत दिसली.

मग तिला हसू यायला लागलं. दोन वर्षं ती कुणा परक्या बाईशी भांडत होती. "तुला नाही जमलं" असं जिला लिहिलं ती बाई कॉलेजात शिकवत होती आणि घर बंद करून एकटी दुसऱ्या गावी निघून गेली होती. तिला चांगलंच जमलं होतं. आणि पहिली? पहिलीनं तर खोकून वेळ मारून नेली. म्हणजे या घरात ही पुस्तकं वाचणारी पहिली बाई आपणच. टाचणीला एकदम हलकं हलकं वाटलं. तिनं स्वतःसाठी आणखी एक चहा केला आणि तो गाणं गुणगुणत प्यायली.

संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं त्याला हात धुवायलाही फुरसत दिली नाही. सातव्या मजल्यावरच्या बाईंचं तिनं विचारलं. तो म्हणाला, हो, त्यांचीच. तुला कुणी सांगितलं नव्हतं होय? मला वाटलं तुला माहीत आहे.

"मग मला राहू दे का म्हणालात? आणि दर रविवारी काचा पुसता त्या कशासाठी? तिनं तर एकही उघडलं नव्हतं."

तो खुर्चीवर बसला. हाताला वंगण होतं म्हणून हात गुडघ्यांपासून लांब धरून बसला. आणि त्यानं जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. खोकी आली ती दुपार होती, पंखा बंद पडलेला. दोघं इथेच जमिनीवर बसली. तो एकेक पुस्तक पुढे करत होता आणि ती नाव घालत होती. सात-आठ झाल्यावर तिचा हात दुखायला लागला, तर तिनं एकदम मोठ्या साहेबाचा आव आणला, मान ताठ केली, नाव लिहून खाली फराटा मारायची आणि म्हणायची, पुढचा अर्ज आणा. मग तो वाकून वाकून अर्ज द्यायला लागला. साहेब, माझं काम करा. ती म्हणायची, उद्या या. दोघं इतकी हसली की खालचे शेजारी काय झालं ते बघायला वर आले. तिला हसू आवरेना, शेवटच्या पाचसहा पुस्तकांवरची अक्षरं बघ, वेडीवाकडी आहेत.

"एवढंच?" टाचणीनं विचारलं.

"एवढंच," तो म्हणाला. "नंतर महिन्याभरानं ती आजारी पडली."

टाचणीला वाटलं होतं की सवत मेली, पण ती आता खरी जन्माला आली. उंच नाही, बारीक नाही, हळू बोलणारी नाही. खोकणारी, आळशी, साहेबाची नक्कल करणारी एक बाई. हुशार सवतीशी तिनं दोन वर्षं टक्कर दिली, पुस्तकाला पुस्तक लावून. या बाईशी कशानं लढायचं? हिनं एक पान वाचलं नाही, एक ओळ अधोरेखित केली नाही, आणि तरी दर रविवारी काचा पुसून घेत होती. आपण एकोणचाळीस पुस्तकं वाचली, केस पांढरे ठेवले, मालकाला नाही म्हणायला शिकलो, झाडं ओळखायला शिकलो, आणि ही नुसती हसली. टाचणीला पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.

तिचा चेहरा बघून तो बावरला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं बराच विचार केला, आणि मनापासून म्हणाला, "एक सांगू? तू हल्ली अगदी त्या बाईंसारखी बोलतेस. सातव्या मजल्यावरच्या. बसतेस पण तशीच. परवा तू मालकाचं सांगत होतीस ना, मला वाटलं त्याच आल्या. मी उठून उभाच राहणार होतो. फार आदर वाटायचा मला त्यांचा. त्या लिफ्टमध्ये आल्या की मी बाजूला व्हायचो."

पाच वर्षांत त्यानं तिची एवढी स्तुती केली नव्हती. पहिलीला असला आदर सात जन्मांत मिळाला नसता. आणि टाचणीला तो आदर नको होता. तिला ती जमिनीवरची दुपार हवी होती, बंद पंख्याखालची. मग तिची जुनी जीभ सुटली, जी कुठल्याच पुस्तकातून आलेली नव्हती.

"मग आता मलाही अहो-जाहो करा," ती म्हणाली. "आणि मी मोरीत जायला निघाले की दार उघडून बाजूला उभे राहत जा. वाटलं तर सलाम ठोका."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलले. मग तो हसला, आधी नाकातून, नंतर तोंडभरून, वंगणाचे हात हवेत धरून, पुढे वाकून. हसताना त्याचे डोळे पूर्ण मिटतात आणि कान लाल होतात, हे टाचणीला पाच वर्षांनी त्या संध्याकाळी कळलं. ती डोळे भरून बघत होती. तेवढ्यात तिच्या मनात आलं की पहिलीला हे पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. आणि ती हसता हसता पुन्हा जळली.